पुई-शामरॉचा चढ आणि सांद्रीनच्या कालवडी

मोंतेरॉलमध्ये ज्याला ज्याला गाडी चालवता येते, त्याला बहुतेक मीच शिकवलेली आहे. त्यामुळे आसपासच्या रस्त्यांवर मला सगळे ओळखतात आणि मी सायकलवर दिसलो की हॉर्न वाजवतात. आदराने वाजवतात, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. शेवटी माझ्या बायकोने, एलियानने, सांगून टाकलं, "आदर नाही तो, रेजिस. मागून तू कसा दिसतोस, ते तू बघितलेलं नाहीस."

कसा दिसतो याची मला कल्पना आहे. साठीला टेकलेला माणूस, समोरून सुरू झालेलं पोट बाजूंनी पाठीपर्यंत पोचलेलं, आणि त्यावर अंगाला चिकटून बसणारा लाल-पांढरा सदरा. तो बेतताना शिंप्याच्या डोळ्यांसमोर कुणी वेगळाच माणूस असणार. सायकल मात्र अशी, की दोन बोटांनी उचलावी. हलकी आहे म्हणून घेतली. वर बसणाऱ्याचंही वजन त्यात धरायचं असतं, हे दुकानदार बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

या सगळ्याच्या मुळाशी माझा मेहुणा आहे. नोर्बेर, एलियानचा थोरला भाऊ, गुरांचा डॉक्टर. गेल्या वर्षी दवाखाना एका तरुण पोरीच्या हवाली करून तो निवृत्त झाला. उंच, हडकुळा, आणि अजून त्याच तरुणपणच्या लोखंडी सायकलवर बसणारा. तिचा मूळ रंग कुठला होता, याबद्दल घरात दोन मतं आहेत.

दर वर्षी मे महिन्यात, येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी असते त्या गुरुवारी, आम्ही दोघं एक फेरी मारतो. मोंतेरॉलहून निघायचं, चेस्टनटच्या रानातून तळ्यापर्यंत जायचं, तिथून कुरणांमधल्या अरुंद वाटेने पुई-शामरॉच्या चढाला लागायचं आणि वर गावात युगेतबाईच्या कॅफेत जेवायचं. ही शर्यत नाही. निघताना आम्ही दोघंही ते मोठ्याने म्हणतो.

"शर्यत नाही हं, दाजी."

"छे, छे! आता काय आपलं वय आहे का डॉक्टर!"

आणि चढाच्या टोकाला गावाच्या नावाची पाटी दिसली, की दोन म्हातारी माणसं जीव खाऊन पेडल मारायला लागतात. पाटीला आधी पोचतो तो नोर्बेर. दर वर्षी. मी वर पोचेपर्यंत तो पाटीला टेकून सुके जर्दाळू खात असतो. "घ्या दाजी, जर्दाळू घ्या. तोंड पांढरं पडलंय तुमचं." तो जर्दाळू मी दर वर्षी खातो, कारण तोंड खरोखरच पांढरं पडलेलं असतं.

यंदा मी ठरवलं, बस झालं. नोव्हेंबरात गुपचूप एक यंत्र आणलं. सायकलचं मागचं चाक त्यात अडकवायचं आणि एका जागी बसून पेडल मारत राहायचं. यंत्र गॅरेजमध्ये, तोंड भिंतीकडे, समोर रंगाचे जुने डबे आणि बर्फातले टायर. संध्याकाळी वर्ग संपला की एलियानला सांगायचं, "जरा गॅरेज आवरतो," आणि जाऊन तासभर घाम गाळायचा. सगळा हिवाळा मी गॅरेज आवरत होतो आणि गॅरेज होतं तसंच होतं. तिने एका शब्दानेही विचारलं नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

तर गुरुवार उजाडला. हवा स्वच्छ, बांधांवर पिवळी फुलं, कुठेतरी कोकीळ. नोर्बेर दारात हजर. अंगात भोकं पडलेला लोकरी सदरा.

"काय दाजी, बारीक झाल्यासारखे दिसताय."

"कसला बारीक! यंदा तर सायकलला हातच लागला नाही."

"माझं तेच. गुडघा धरतोय."

मी मनात हसलो. माझा बेत असा होता, की तळ्यापर्यंत मुद्दाम धापा टाकायच्या, म्हणजे तो गाफील राहील. पहिल्या दोन टेकड्या मी उत्तम नाटक केलं. तिसऱ्या टेकडीपासून नाटकाची गरज उरली नाही.

तळं गेलं. पुढे कुरणं लागली. दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण, पलीकडे तांबूस गुरं चरत होती. आता नोर्बेरची एक खोड आहे. निवृत्त झाला तरी गुरं दिसली की मान तिकडे वळते. कोण लंगडतंय, कुणाचं पोट फुगलंय, हे बघितल्याशिवाय त्याला पुढे जाववत नाही. एका वळणावर तो पाय टेकून एका वासराकडे बघत उभा राहिला. "दाजी, याचा मागचा पाय बघा जरा..."

मी पाय बघितला नाही. मी पळालो. दुसऱ्याचं लक्ष नसताना पळून जाणं, याला सायकलवाल्यांच्या भाषेत हल्ला म्हणतात, आणि तो मोठा सन्मानाचा प्रकार मानला जातो.

मागून "अहो दाजी!" अशी हाक आली. मग शिवी आली. मग त्याच्या लोखंडी सायकलची साखळी करकरली. मी मान खाली घातली, कोपरं आत घेतली आणि हाणली. गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगतो, नजर रस्त्यावर, लांब, पुढे. माझी नजर माझ्या गुडघ्यांवर होती. गुडघे छान वर-खाली होत होते. सगळा हिवाळा गॅरेजमध्ये घालवल्याचं चीज झालं, असं वाटलं.

तेवढ्यात छातीवर काहीतरी ताणलं गेलं आणि फट्‌कन तुटलं. बघतो तर पांढरी फीत, दोन्ही टोकं माझ्या खांद्यांवरून मागे फडफडत होती. शर्यत जिंकणाऱ्याच्या छातीवर असते तशी. आता विचार करायला हवा होता, की कुरणांच्या मधोमध, पाटीच्या कितीतरी अलीकडे, माझ्यासाठी फीत कोण बांधून ठेवेल? पण रक्त सगळं पायात गेलेलं. डोक्यात एवढंच आलं, की वा!

मग मागून आवाज यायला लागला. आधी वाटलं पाऊस. मग वाटलं टाळ्या. मग वळून बघितलं.

माझ्या मागे कालवडी होत्या. वीसेक तरी असतील. तांबूस, गुबगुबीत, कान टवकारलेल्या, आणि सगळ्या माझ्याकडे टक लावून धावत येत होत्या. शेतकरी गुरं एका कुरणातून दुसऱ्यात नेताना रस्त्यावर आडवी फीत बांधतात, म्हणजे गुरं रस्त्याने भलतीकडे जात नाहीत. कालवडी बाजूच्या कुरणातून नुकत्याच रस्त्यावर निघत होत्या, आणि त्यांच्या पुढची ती फीत मी छातीने तोडली होती. आणि कालवडींचं असं असतं, की समोर काही पळत असेल तर त्याच्या मागे पळायचं. का, हे त्यांनाही माहीत नसतं.

मी ब्रेकवर बोटं ठेवली.

"थांबू नका!" मागून बाईचा आवाज आला. "सर, थांबू नका! ब्रेक सोडा!"

तो आवाज मी ओळखला. सांद्रीन. कळपाच्या मागे तिची छोटी पांढरी व्हॅन, आणि खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेली सांद्रीन. ही माझी जुनी विद्यार्थिनी. तीनदा नापास झाली होती. तिच्याइतका मी आयुष्यात कुणावर ओरडलेलो नाही.

"अगं पण माझ्या मागे..."

"मला दिसतंय मागे काय आहे! तुम्ही थांबलात तर त्या पांगतील, उजवीकडे सगळा गहू आहे! तसेच वर घेऊन चला, बाबांच्या वाड्याचं फाटक उघडंच आहे! नजर पुढे, सर! लांब बघा! हँडल घट्ट धरू नका!"

माझेच शब्द. माझाच सूर. ब्रेकवर पाय ठेवून झोपू नकोस, हे फक्त राहिलं होतं, तेही पुढच्या वळणावर आलं.

व्हॅनच्याही मागे नोर्बेर होता. त्याला पुढे यायला जागाच नव्हती. मला त्याचं फक्त हसणं ऐकू येत होतं, आणि मधूनमधून डॉक्टरी सल्ला. "दाजी! शिट्टी वाजवा! शिट्टी वाजवली की त्या शांत राहतात!"

शिट्टी कशाने वाजवू? शिट्टीला वारा लागतो, आणि माझ्याकडचा सगळा वारा फुप्फुसांनाच कमी पडत होता.

सपाटीवर मी पुढे होतो. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मागे एवढा मोठा जथा होता आणि मी त्याचं नेतृत्व करत होतो. मग पूल आला, पुलापलीकडे दगडी क्रूस आला, आणि तिथून पुई-शामरॉचा चढ सुरू झाला.

त्या चढाबद्दल एवढंच सांगतो, की त्यावर मी मुलांना चढावर गाडी उभी करून पुन्हा सुरू करायला शिकवतो. अर्ध्या गाड्या बंद पडतात.

माझी चाल कमी झाली, कालवडींची नाही. आधी कोपरापाशी गरम श्वास लागला. मग डाव्या बाजूला एक ओलं नाक आलं. मग उजव्या बाजूला दुसरं. मग कुणीतरी माझी पाठ चाटली. घामातलं मीठ. खरखरीत जीभ कमरेपासून मानेपर्यंत गेली आणि सदरा वर सरकला. मी ओरडलो. तिला ते उत्तेजन वाटलं असावं.

आणि मग त्या मला मागे टाकायला लागल्या. घाईने नाही, उगाच ईर्ष्येने नाही. फिरायला निघालेल्या बायका बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला ओलांडून जातात, तशा. पहिली गेली. दुसरी गेली, जाताना तिने माझ्याकडे वळून बघितलं. त्या नजरेत दया होती असं एलियानला सांगितलं तर ती म्हणाली, "गाईची नजर तशीच असते." असेल. पण मी तिथे होतो.

पाटीपाशी पोचलो तेव्हा मी कळपाच्या मध्यात होतो. पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त शेपट्या. पाटी कडेने सरकून गेली एवढं कळलं. पुढे चौक. सुट्टीचा दिवस, युगेतबाईच्या कॅफेबाहेर सगळी टेबलं भरलेली, लोक जेवणाआधीचे पेले घेऊन बसलेले. आधी कालवडी दिसल्या, मग कालवडींच्या मधून डुलत येणारं माझं लाल हेल्मेट, आणि सगळा चौक उठून उभा राहिला. टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, "अहो, हे तर गाडीवाले सर!" एका कालवडीने युगेतबाईच्या कुंडीतली फुलं खाल्ली. युगेतबाईंनी तिच्यावर फडकं उगारलं आणि ते मला लागलं.

सांद्रीनच्या बापाचं फाटक चौकाच्या पलीकडे. म्हातारा मार्सेलॅं फाटक धरून उभा होता. कळप आत वळला, आणि कळपाच्या मध्ये असल्यामुळे मीही वळलो. शेवटची कालवड आत आल्याबरोबर म्हाताऱ्याने फाटक लावून कडी घातली.

"मार्सेलॅंकाका!" मी ओरडलो. "मी आत आहे!"

"कोण आहे?"

"मी! रेजिस!"

"तू तिथे काय करतोयस?"

उत्तर द्यायला मी थांबलो. सायकलच्या बुटांना तळाशी खिट्ट्या असतात, त्या पेडलमध्ये अडकतात. थांबायच्या आधी टाच बाहेर वळवून पाय सोडवायचा असतो. मी थांबलो, टाच वळवायची राहिली. मी हळूहळू, झाड पडतं तसा, डाव्या बाजूला कलंडलो. खाली काय होतं ते सांगायला नको. वीस कालवडी नुकत्याच धावून आल्या होत्या. पण पडलो ते मऊ जागेवर, एवढं म्हणेन.

पडल्या पडल्या बघितलं तर फाटकापाशी व्हॅन थांबली आणि तिच्यातून नोर्बेर उतरला. मागे व्हॅनमध्ये त्याची सायकल आडवी. हसता हसता तो चढावर उतरला होता, आणि मग एवढ्या उभ्या चढावर पुन्हा सायकलवर बसता येईना, म्हणून सांद्रीनने त्याला उचलून आणला होता.

"डॉक्टर," मी खालूनच म्हणालो, "तुम्ही गाडीतून आलात."

"हो."

"म्हणजे पाटीला मी आधी पोचलो."

नोर्बेरने फाटकावर कोपरं टेकली आणि कळपाकडे नीट बघितलं. "दाजी, पहिली आली ती, ती फिकट रंगाची. त्यात वाद नाही. तुम्ही दहावे-अकरावे असाल. पण वयाचा विचार करता चांगलं आहे."

त्याला बघितल्याबरोबर मात्र सगळ्या कालवडी वाड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीला चिकटल्या.

सांद्रीन म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही जरा लांब उभे राहा बघू. यांच्या अंगात सुया खुपसणारे तुम्हीच. वास विसरल्या नाहीत अजून. मला वाटतं, तुम्ही मागे होतात म्हणूनच त्या एवढ्या पळाल्या." मग माझ्याकडे वळून, "आणि सर, नजर कुठे होती तुमची? मी हात हलवत होते, ओरडत होते!"

"गुडघ्यांवर," मी म्हणालो.

"मला यावरून नापास केलं होतं तुम्ही."

मी केलं नव्हतं, परीक्षा घेणारा वेगळा असतो. पण शेणात बसून वाद घालायचा नाही, एवढी अक्कल मला आहे.

म्हाताऱ्या मार्सेलॅंने अंगणातली पाण्याची नळी दिली. नोर्बेरने ती धरली आणि गुरं धुतात तसं मला वरपासून खालपर्यंत धुतलं. पाणी बर्फासारखं. पायांपाशी आल्यावर तो थांबला. माझ्या पोटऱ्या निरखून बघायला लागला, मघाशी वासराचा पाय बघत होता तशाच.

"दाजी, हे स्नायू हात न लावता झालेले नाहीत."

"कशाबद्दल बोलताय?"

"यंत्र घेतलंत ना?"

मी त्याच्या पोटऱ्यांकडे बघितलं. इतकी वर्षं त्या काठ्या होत्या. आता त्यांना आकार होता.

"डॉक्टर! तुम्हीही?"

"तळघरात," तो म्हणाला. "ऑक्टोबरपासून. मार्तीनला सांगितलं होतं, दारूच्या बाटल्या लावतोय."

मार्तीन म्हणजे त्याची बायको. ती आणि एलियान रोज सकाळी फोनवर बोलतात. दोघांच्याही डोक्यात हे एकदमच आलं, आणि आम्ही दोघंही हसत हसत खाली बसलो. सगळा हिवाळा त्या दोघी एकमेकींना सांगत असणार. माझा आवरतोय. माझा लावतोय.

हसून झाल्यावर नोर्बेर नळी हातात धरून तसाच बसून राहिला. पाणी वाहत होतं.

"खरं सांगू का दाजी? शर्यतीसाठी नाही घेतलं मी ते यंत्र. म्हणजे, थोडं शर्यतीसाठी. पण सकाळी उठतो तर कुणाचा फोन नाही. कुणाची गाय अडली नाही. मार्तीन तिच्या कामाला जाते. मग खाली जायचं, तासभर पेडल मारायचं, वर यायचं. अकरा वाजतात. अकरा वाजले की बरं वाटतं." त्याने नळी बंद केली. "मघाशी ते वासरू बघायला मी थांबलो ना, ते लंगडत नव्हतं. कुणीतरी लंगडत असावं, असं मला वाटत होतं."

इतक्या वर्षांत आमच्यात सायकल, हवामान आणि सासूबाईंची तब्येत याखेरीज बोलणं झालेलं नव्हतं. शिवाय मी थरथरत होतो, अंगावरून पाणी गळत होतं, अशा अवस्थेत धीर देणारा माणूस भारदस्त वाटत नाही. मी म्हणालो, "गुरुवारी सकाळी माझे वर्ग नसतात."

"कुठल्या गुरुवारी?"

"सगळ्याच."

त्याने नळी गुंडाळून ठेवली आणि म्हणाला, "तुम्हाला झेपेल का, दाजी?"

"शर्यत नाही म्हटल्यावर काय!"

"छे, छे, शर्यत कसली!"

जेवायला सांद्रीनने तिच्या भावाची विजार मला दिली. ती घोट्याच्या बरीच वर संपत होती. युगेतबाईंनी आधी फुलांबद्दल ऐकवलं, मग बटाटे आणि साय भरलेली भट्टीतली जाड पोळी आणून ठेवली आणि सगळ्यांत मोठा तुकडा मला दिला, बहुधा फडकं लागलं होतं म्हणून. चौकातला प्रत्येक जण टेबलापाशी येऊन गेला. प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून ऐकायचं होतं, आणि नोर्बेर प्रत्येकाला सांगत होता. तिसऱ्या खेपेला कालवडी चाळीस झाल्या होत्या. मी दुरुस्त केलं नाही. चाळीस कालवडींच्या मागे राहणं हे विसांच्या मागे राहण्यापेक्षा बरं.

जेवण झाल्यावर आम्ही सांद्रीनबरोबर खाली जाऊन फीत पुन्हा बांधली. म्हणजे नोर्बेरने खुंट्या ठोकल्या, सांद्रीनने फीत ताणली, आणि मला दोघांनी लांब उभं राहायला सांगितलं.

आता आम्ही दर गुरुवारी निघतो. पूर्वी मी वर्षातून एकदा हरायचो. आता आठवड्याला हरतो, आणि एलियान म्हणते की सवय झाल्यापासून माझा स्वभाव सुधारला आहे. वाटेत गोठे लागले की नोर्बेर उतरतो. लोक म्हणतात, "आलात का डॉक्टर, जरा ही बघता का?" आणि तो बघतो. त्याच्या जागी आलेल्या पोरीलाही त्याचं काही वाटत नाही, उलट अवघड जनावर असलं की तीच त्याला फोन करते. तेवढा वेळ मी बाहेर दोन्ही सायकली धरून उभा राहतो. गेल्या गुरुवारी एका शेतकऱ्याच्या बायकोने मला बाहेर उभा बघून कॉफी आणून दिली आणि विचारलं, "तुम्ही डॉक्टरांचे मदतनीस का?"

मी हो म्हणालो. कॉफी चांगली होती.